रोंगेलापच्या ताटाचा हिशेब

जेटन अंजाइन हे पेशाने दंतवैद्य. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांच्या संसदेत, म्हणजे ‘नितिजेला’मध्ये, ते रोंगेलापचे प्रतिनिधी होते आणि काही काळ देशाचे आरोग्यमंत्रीही. जगाने त्यांची दखल घेतली ती मात्र वेगळ्याच कारणाने. मे १९८५ मध्ये त्यांनी आपले सगळे गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या बाळांपर्यंत, पूर्वजांच्या जमिनीवरून उठवून दुसऱ्या बेटावर नेले. रोंगेलापवर तेव्हा ना वादळ आले होते ना दुष्काळ पडला होता. माडांना नारळ लगडलेले होते. पण ते नारळ खायचे की नाही, आणि खायचे तर दिवसाला किती, या प्रश्नाला अमेरिकी शास्त्रज्ञ जे उत्तर देत होते त्यावर लोकांचा विश्वास उरला नव्हता.

आहारातून शरीरात जाणारे किरणोत्सर्गी पदार्थ मोजण्याचे एक शास्त्र आहे. कागदावर ते अगदी सोपे दिसते. अमुक पदार्थ माणूस दिवसाला किती ग्रॅम खातो, त्या पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये किती किरणोत्सर्ग आहे, आणि तो शरीरात किती दिवस टिकतो, या तीन गोष्टी कळल्या की वर्षभराची मात्रा निघते. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेत मोजता येते, तिसरी शरीरशास्त्र सांगते. घोडे अडते ते पहिल्या गोष्टीपाशी. माणूस काय खातो हे विचारायला सोपे आणि खात्रीने सांगायला फार कठीण. अंजाइन यांच्या सार्वजनिक आयुष्यातला मोठा भाग या एका आकड्याभोवतीच्या भांडणात गेला.

रोंगेलाप म्हणजे प्रवाळाचे कंकण. मधे समुद्राचे विस्तीर्ण तळे आणि त्याभोवती माळेसारखी ओवलेली ६१ लहान-लहान बेटे. सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम ८ चौरस किलोमीटर. इथले मूळचे जेवण कोकणातल्या माणसाला अर्धे ओळखीचे वाटेल. नारळ आणि शहाळे तर रोजचेच. माडाच्या पोयीतून काढलेला गोड रस लहान मुलांनाही पाजतात. नीरफणसाचे हंगामात ढीग पडतात. केवड्याच्या जातीतल्या एका झाडाची फळे चघळतात, शिजवतात, वाळवून ठेवतात. जमिनीतून आरारूटचे कंद काढतात. समुद्रातून मासे आणि शिंपले येतात, आणि जमिनीवर चालणारा, माडाखाली वावरणारा मोठा नारळखेकडा म्हणजे तर मेजवानी. तांदूळ, कणीक, साखर आणि डबाबंद मांस हे सगळे बोटीने येते. बोट आली तर.

हे शेवटचे दोन शब्द पुढे फार महत्त्वाचे ठरले.

१ मार्च १९५४ रोजी पहाटे अमेरिकेने बिकिनी या शेजारच्या प्रवाळद्वीपावर ‘ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अपेक्षा ६ मेगाटनांच्या आसपासची होती, स्फोट झाला १५ मेगाटनांचा. बिकिनीचे प्रवाळ भुकटी होऊन आकाशात गेले आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकले. दीड-पावणेदोनशे किलोमीटरवरच्या रोंगेलापवर काही तासांतच पांढरी राख पडू लागली. मुले तिच्यात खेळली. ती पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांत, उघड्यावर शिजणाऱ्या अन्नात आणि अंगावर केसांत बसली. संध्याकाळपर्यंत लोकांना उलट्या आणि खाज सुरू झाली. पुढे अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले, केस गळले. जपानच्या ‘फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवरचे २३ खलाशी याच राखेत सापडले होते, आणि त्यांच्यामुळे ही बातमी जगभर गेली. रोंगेलापवरून आणि जवळच्या ऐलिंगिनाएवरून, तिथे काही कुटुंबे अन्न गोळा करायला गेली होती, एकूण ८२ माणसे उचलली गेली, पण स्फोटानंतर दोन दिवस उलटून गेल्यावर. गावचे प्रमुख होते जॉन अंजाइन, जेटन यांचे थोरले भाऊ. जॉन यांचा वर्षाचा मुलगा त्या राखेतून वाचला आणि १९७२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने गेला. अंजाइन कुटुंबासाठी किरणोत्सर्ग ही तेव्हापासून अहवालातली गोष्ट राहिली नाही.

सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टरांचे लक्ष बाहेरून झालेल्या माऱ्यावर होते. पोटातून काय गेले याचा अंदाज लोकांच्या लघवीच्या मोजक्या, तेही एकत्र केलेल्या, नमुन्यांवरून बांधला गेला. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते, त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यात त्याचा मागमूस थोडाच उरतो. त्याहून अल्पायुषी असलेली आयोडीनची भावंडे तर तोवर संपलेलीच असतात. १९६३ मध्ये एका मुलीच्या गळ्यात थायरॉइडची गाठ सापडली, आणि मग एकामागून एक सापडतच गेल्या. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांच्या आत असलेल्या रोंगेलापच्या बहुतेक मुलांना पुढे थायरॉइडचा विकार झाला. दोन मुलांची वाढच खुंटली. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचे डॉ. रॉबर्ट कोनार्ड आणि त्यांचे सहकारी दरवर्षी येऊन तपासण्या करीत, रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला नेत, थायरॉइडच्या गोळ्या देत. या उपचारांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण थायरॉइडला बसलेल्या मात्रेचा पूर्ण फेरहिशेब ब्रुकहेवननेच १९८५ मध्ये मांडला, तेव्हा मुलांची मात्रा आधीच्या अंदाजाच्या कितीतरी पट निघाली. आधीचा हिशेब मुख्यतः टाकीतल्या पाण्यावर बेतलेला होता. राखेखाली शिजलेल्या आणि राखेसकट खाल्लेल्या जेवणाला त्यात पुरेशी जागा नव्हती.

१९५७ च्या उन्हाळ्यात रोंगेलापच्या लोकांना घरी परतायला सांगण्यात आले. नवी घरे बांधून दिली होती. बेट राहण्यास योग्य आहे, नारळखेकडा तेवढा खाऊ नका, असा निरोप होता. खेकड्यावर बंदी का, याचे कारण मोठे मजेदार आहे. हा प्राणी कात टाकल्यावर स्वतःचेच जुने कवच खाऊन टाकतो. कवचातले कॅल्शियम तो वाया जाऊ देत नाही, आणि कॅल्शियमच्या वेषात आलेले स्ट्रॉन्शियम-९० सुद्धा त्याच्या अंगातून बाहेर पडत नाही.

आणखी एक रसायन मात्र खेकड्यापुरते थांबणारे नव्हते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे. रासायनिकदृष्ट्या ते पोटॅशियमचे भावंड, त्यामुळे वनस्पती आणि प्राणी दोघेही त्याला पोटॅशियम समजून आत घेतात. आपल्याकडच्या चिकणमातीच्या जमिनीत ते मातीच्या पापुद्र्यांत अडकून पडते, मुळांच्या हाती फारसे लागत नाही. प्रवाळाच्या जमिनीत चिकणमाती नसतेच आणि पोटॅशियमही फार थोडे. भुकेलेला माड मग सीझियम हवरटासारखा ओढतो आणि ते थेट खोबऱ्यात आणि शहाळ्याच्या पाण्यात येते. युरोप-अमेरिकेतल्या शेतजमिनींवरून बांधलेले ठोकताळे इथे लागू पडत नाहीत, हे शास्त्रज्ञांना टप्प्याटप्प्याने उमगले.

परतलेल्या लोकांच्या शरीरातला किरणोत्सर्ग मोजण्यासाठी पोलादाची एक जाडजूड खोली जहाजावरून आणण्यात आली. बाहेरचा किरणोत्सर्ग आत येऊ नये म्हणून तिच्या भिंती इतक्या जड की तिचे वजनच २० टनांच्या आसपास. माणसाला आत बसवायचे आणि त्याच्या अंगातून निघणारे गॅमा किरण मोजायचे. परतल्यावर वर्षाच्या आतच लोकांच्या शरीरातले सीझियम सुमारे ६० पट वाढले होते, स्ट्रॉन्शियम सुमारे २० पट. आकडे तेव्हाच्या मान्य मर्यादेच्या आत आहेत असे अहवालात म्हटले होते आणि ते खरेही होते. पण याच अहवालमालिकेत या बेटावरची वस्ती माणसांवरच्या किरणोत्सर्गाच्या अभ्यासासाठी किती मोलाची ठरेल, हेही नोंदवलेले होते. हे अहवाल इंग्रजीत होते. ज्यांच्या शरीराचे आकडे त्यात होते त्यांना ते वाचता येत नव्हते. आपण रुग्ण आहोत की नमुने, हा प्रश्न रोंगेलापवर पुढची तीस वर्षे विचारला जात राहिला आणि जेटन अंजाइन यांनी तो वॉशिंग्टनपर्यंत नेला.

मार्शल बेटांनी १९७९ मध्ये स्वतःची राज्यघटना स्वीकारली आणि नितिजेला अस्तित्वात आली. त्याच सुमारास शेजारच्या बिकिनीवर जे घडले त्याने अंजाइन यांच्यासारख्यांचे डोळे उघडले. बिकिनीच्या लोकांना १९४६ मध्येच हलवले होते. १९६८ मध्ये अमेरिकेने बेट सुरक्षित असल्याचे जाहीर केले आणि काही कुटुंबे परतली. नवे माड लावले होते, ते सत्तरीच्या मध्यात फळाला आले. लोकांनी नारळ खाल्ले. दुसरे काय करणार? आहाराच्या अंदाजात स्थानिक अन्नाचा जो वाटा धरला होता त्यापेक्षा खाणे जास्त झाले आणि नारळात सीझियमही अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. एका वर्षात लोकांच्या शरीरातले सीझियम सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. १९७८ मध्ये बिकिनी पुन्हा रिकामे करावे लागले. हिशेबातली चूक पुस्तकात राहिली नाही, ती १३९ माणसांच्या अंगात गेली.

या धक्क्यानंतर अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने उत्तरेकडच्या सगळ्या बेटांची पाहणी केली. माती, फळे, मासे, विहिरींचे पाणी, सगळ्याचे नमुने घेतले. आणि माणसे काय खातात हेही विचारले. इथे दोन पाहण्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एक होती कायदेविषयक मदत करणाऱ्या मायक्रोनेशियातल्या संस्थेने एनेवेटाकच्या विस्थापितांमध्ये केलेली. दुसरी ब्रुकहेवनच्या जे. आर. नायडू आणि सहकाऱ्यांची, १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली. दुसरीतले आकडे पुष्कळ मोठे होते. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेचे विल्यम रॉबिसन यांचे म्हणणे असे की त्यात शिजवलेले अन्न मोजले गेले, प्रत्यक्ष पोटात गेलेले नाही. मार्शल बेटांवर स्वयंपाक घरापुरता नसतो. आल्यागेल्याला, नातलगांना, शेजाऱ्यांना आणि शेवटी डुकरांनाही त्यातूनच जाते. नायडूंचा आहार धरला तर लोकांच्या शरीरात जेवढे सीझियम असायला हवे तेवढे यंत्रात दिसत नव्हते. पहिल्या पाहणीचे आकडे मात्र यंत्राशी चांगले जुळत होते.

शास्त्रीय युक्तिवाद म्हणून हे बिनतोड वाटते. अंदाज एका बाजूने, शरीराची प्रत्यक्ष मोजणी दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही जुळले की प्रश्न मिटला. पण प्रौढ माणसाच्या शरीरातले निम्मे सीझियम साधारण शंभर-एकशेदहा दिवसांत बाहेर पडते. म्हणजे यंत्र मागच्या काही महिन्यांचे जेवण सांगते, आयुष्यभराचे नाही. ज्या महिन्यांत बोट वेळेवर आली आणि घरात तांदूळ होता त्या महिन्यांनंतर मोजले, तर आकडा लहानच येणार. बोट दोन-तीन महिने आलीच नाही तर? तेव्हा ताटात माड, नीरफणस आणि केवडाफळ याशिवाय काही नसते. स्थानिक अन्नावरच राहणाऱ्या माणसाची मात्रा बाहेरचे अन्न मिळणाऱ्याच्या कितीतरी पट होऊ शकते, हे रॉबिसन यांच्या स्वतःच्या कोष्टकांतूनही दिसत होते. मग बेट सुरक्षित आहे असे सांगताना कोणते कोष्टक उघडायचे? सरासरी माणसाचे की उपाशी माणसाचे? प्रौढाचे की नारळपाण्यावर वाढणाऱ्या बाळाचे? हा प्रश्न निव्वळ शास्त्राचा नव्हता, आणि प्रयोगशाळेने तो एकट्याने सोडवावा हे अंजाइन यांना मान्य नव्हते.

१९८२ मध्ये ऊर्जा विभागाने पाहणीचे निष्कर्ष एका पुस्तिकेत छापले. इंग्रजीबरोबर मार्शली भाषेतही. बेटांना किरणोत्सर्गाच्या प्रमाणानुसार क्रमांक आणि रंग दिले होते. हेतू लोकांना धीर देण्याचा असावा. परिणाम उलटा झाला. रोंगेलापच्या लोकांनी पुस्तिका उघडून पाहिली, तर त्यांच्या द्वीपसमूहातल्या उत्तरेकडच्या बेटांना सर्वात वरचा क्रमांक होता आणि ती बिकिनीच्या पंगतीत बसली होती. त्या बेटांवर ते पिढ्यान्‌पिढ्या खेकडे, पक्ष्यांची अंडी आणि नारळ गोळा करायला जात होते. बिकिनीच्या माणसांना हलवले, मग आम्हाला त्याच जमिनीवर का ठेवले, असा साधा प्रश्न गावात उभा राहिला. मुख्य बेटावरची मात्रा कमी आहे, उत्तरेकडे जाऊ नका, हे उत्तर त्यांच्या गळी उतरले नाही. आठ चौरस किलोमीटरच्या गावाला अर्ध्या शिवारात जाऊ नका असे सांगून उरलेल्या शिवाराला सुरक्षित म्हणण्यासारखे ते होते.

१९८३ मध्ये नितिजेलाने रोंगेलापच्या लोकांच्या स्थलांतरासाठी अमेरिकेने मदत करावी असा ठराव केला. अमेरिकेने स्थलांतराची गरज नसल्याचे सांगितले. तेव्हा अंजाइन यांनी ‘ग्रीनपीस’ या संघटनेशी बोलणी केली आणि मे १९८५ मध्ये तिचे ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज रोंगेलापच्या तळ्यात शिरले. तीनशेहून अधिक माणसे, घरांची लाकडे, पत्रे, भांडीकुंडी, कोंबड्या-डुकरे, असे सगळे सुमारे १८० किलोमीटर दक्षिणेकडच्या मेजाट्टो या बेटावर नेण्यात आले. जहाजाला काही फेऱ्या माराव्या लागल्या, दहा-अकरा दिवस गेले. दोन महिन्यांनी, १० जुलैला, हेच जहाज न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात फ्रान्सच्या हेरांनी बॉम्ब लावून बुडवले. या स्थलांतराची छायाचित्रे काढणारे फर्नांडो परेरा त्यात मृत्यू पावले.

स्थलांतर वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होते का, यावर आजही मतभेद आहेत. १९८५ साली मुख्य बेटावर राहणाऱ्या प्रौढाची सरासरी मात्रा धोक्याच्या पातळीवर नव्हती असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्याकडे मोजण्या आहेत. पण याच यंत्रणेने १९५७ मध्ये घरी जा म्हटले होते, बिकिनीच्या लोकांनाही घरी जा म्हटले होते, आणि मुलांच्या थायरॉइडच्या मात्रेबाबत तिचा पहिला अंदाज फार कमी निघाला होता. तीनदा हिशेब चुकलेल्या दुकानदाराच्या चौथ्या बिलावर कोण डोळे मिटून पैसे मोजेल?

मेजाट्टोवर सुख नव्हते. हे बेट क्वाजालीनच्या कंकणावरचे, चिंचोळे, लाटांच्या माऱ्यातले. रोंगेलापसारखे शांत तळे समोर नाही, मासेमारी अवघड, माड थोडे, जमीन परक्यांची. लोक अमेरिकेच्या मदतीच्या धान्यावर जगू लागले, आणि ते वेळेवर आले नाही की उपाशी राहू लागले. आहारातल्या सीझियमचा प्रश्न सुटला. त्याच्या जागी पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांस आले. मार्शल बेटांवर आज मधुमेहाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे, आणि त्यामागे स्थानिक अन्न सुटणे हे एक मोठे कारण मानले जाते. किरणोत्सर्गाचे कोष्टक या दुसऱ्या नुकसानीची नोंद ठेवत नाही. अंजाइन यांनी स्थलांतर हा शेवट कधीच मानला नाही. बेट खरोखर तपासा, साफ करा, मग आम्ही परत जाऊ, अशी त्यांची मागणी होती.

अमेरिकेशी झालेल्या मुक्त सहकार्य कराराच्या कायद्यात रोंगेलापच्या आकड्यांची स्वतंत्र फेरतपासणी करण्याची तरतूद झाली. हे काम किरणजीवशास्त्रज्ञ हेन्री कोन यांच्याकडे गेले. त्यांचा अहवाल १९८८ मध्ये आला. मुख्य बेट प्रौढांसाठी सुरक्षित आहे, असे त्यात म्हटले होते, पण आहार गृहीत धरल्याप्रमाणे असेल तर. तान्ही बाळे आणि लहान मुले यांच्याबद्दल माहिती अपुरी असल्याचेही त्यात कबूल केले होते. रोंगेलापच्या बाजूने जर्मनीतल्या हायडेलबर्गचे बर्न्ड फ्रांके यांनी हेच दोन धागे धरले. अंदाजातली अनिश्चितता सरासरीच्या मागे लपवू नका, आणि ज्या माणसाची मात्रा सर्वात जास्त असेल त्याच्यापासून सुरुवात करा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. ‘गृहीत धरलेला आहार’ या दोन-तीन शब्दांत सगळा वाद सामावला होता. सुरक्षित काय, बेट की आहार? आहार सुरक्षित ठेवायला बाहेरून अन्न येतच राहावे लागणार असेल, तर बेट सुरक्षित आहे असे म्हणता येईल का? १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे अंजाइन हजर झाले. वर्षानुवर्षे त्यांनी अशाच समित्या, वकील, शास्त्रज्ञ आणि पत्रकार यांचे दरवाजे ठोठावले. काही शेकडा मतदार असलेल्या माणसासाठी हे सोपे काम नव्हते.

१९९१ मध्ये स्टॉकहोमचा ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार जेटन अंजाइन आणि रोंगेलापचे लोक यांना मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाव आंदोलनही होते. १९९२ मध्ये ‘गोल्डमन’ पर्यावरण पुरस्कार जाहीर झाला, त्यातही अंजाइन आणि मेधा पाटकर ही दोन्ही नावे होती. एकीकडे धरणासाठी जमीन सोडायला नकार देणारे लोक, दुसरीकडे जमीन सोडू द्या म्हणून झगडणारे. विस्थापनाचा निर्णय कोणाच्या आकड्यांवर आणि कोणी घ्यायचा, हा प्रश्न मात्र नर्मदेच्या खोऱ्यात आणि रोंगेलापवर सारखाच होता.

पुरस्कारांपेक्षा मोठी गोष्ट फेब्रुवारी १९९२ मध्ये झाली, आणि तिची बातमी फारशी कुठे झाली नाही. अमेरिकेचे ऊर्जा आणि अंतर्गत कारभार हे दोन विभाग, मार्शल बेटांचे सरकार आणि रोंगेलापची स्थानिक संस्था यांनी एक सामंजस्य करार केला. लोक परतण्याआधी दोन अटी पूर्ण व्हायला हव्यात असे ठरले. एक अट मातीतल्या प्लुटोनियमसारख्या जड मूलद्रव्यांबद्दल होती. दुसरी मात्रेबद्दल : बेटावर राहणाऱ्या, सर्वाधिक मात्रा मिळू शकणाऱ्या माणसालाही नैसर्गिक पार्श्वभूमीखेरीज वर्षाला १०० मिलिरेमपेक्षा, म्हणजे १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये. आणि हा हिशेब करताना त्या माणसाचा आहार पूर्णपणे स्थानिक अन्नाचा धरायचा. बोट येणार, तांदूळ येणार, असे काही गृहीत धरायचे नाही. सरासरी माणूस बाजूला गेला आणि बोटीची वाट पाहणारा माणूस हिशेबाच्या मधोमध आला.

जेटन अंजाइन १९९३ मध्ये गेले. त्या कराराच्या कसोटीवर बेट उतरते का, याचा निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९९४ मध्ये तो दिला. बाहेरचे अन्न मिळाले तर मर्यादा सहज पाळली जाईल, पण केवळ स्थानिक अन्नावर राहणाऱ्या काही जणांच्या बाबतीत ती ओलांडली जाऊ शकते, असे समितीला आढळले. उपायही सुचवला गेला आणि तो रॉबिसन यांच्याच बिकिनीवरच्या प्रयोगांतून आलेला होता. माडांच्या मुळाशी पोटॅशियमचे खत टाकायचे. खरे पोटॅशियम मुबलक मिळाले की झाड नकली पोटॅशियमच्या मागे लागत नाही. खोबऱ्यातले सीझियम अशाने दहाव्या हिश्शापर्यंत आणि त्याहूनही खाली येते. सगळी सुपीक माती खरवडून काढली असती तर शतकानुशतके साठलेला पालापाचोळा गेला असता आणि मागे उघडा प्रवाळ उरला असता. खताच्या पोत्यांनी ते टळले.

१९९६ मध्ये पुनर्वसनासाठी ४ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. मुख्य बेटावर धावपट्टी, वीज, पाणी आणि घरे आली. घरांभोवतीची वरची माती काढून तिथे भुगा केलेले प्रवाळ पसरले, माडांना पोटॅशियम घातले. उत्तरेकडची बेटे तशीच राहिली. परतलेली माणसे मात्र थोडीच, बरीच कुटुंबे अजून मेजाट्टो, एबेये आणि माजुरोवरच आहेत. रोंगेलापवर १९९९ मध्ये शरीरातले सीझियम मोजणारे यंत्र कायमचे बसवण्यात आले. त्यासाठी आता पोलादी खोली जहाजाने आणावी लागत नाही. घरे बांधायला आलेले कामगार त्याच्या खुर्चीत काही मिनिटे बसत, आणि ज्याची मोजणी झाली त्याला त्याचा आकडा सांगितला जाई.